एकशे दहा हेलकावे

९ जानेवारी

वन्सं,

ही हाक तुम्हाला आवडत नाही हे ठाऊक असूनच लिहिली आहे. ‘ताई म्हण, नुसतं अहो म्हण, पण ते वन्संबिन्सं माझ्या कानावर घालू नकोस,’ असं तुम्ही माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतंत. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, आणि भावाशी फोनवर तासभर गप्पा मारताना माझा विषय निघाला की तुमचा आवाज तुटायला लागतो. मग चिडवण्यावाचून माझ्या हातात उरलं काय? निदान ‘काय आगाऊ बाई आहे’ म्हणत तुम्ही दुसरी ओळ तरी वाचाल.

वाचलीत? आता पुढचंही वाचा.

चौकशी समितीच्या त्या बैठकीत मी कॉलेजातर्फे बोलले, पण तुमच्या कामाला नाव ठेवलं नाही. लाँड्रीची इमारत झुलते, हा काही माझा शोध नव्हे. वरच्या दोन मजल्यांवर मोठी धुलाई यंत्रं बसल्यापासून ती रोज झुलते आहे. कपडे पिळण्याआधी यंत्र ते ड्रममध्ये सारखे पसरवून घेतं, आणि नेमक्या तेवढ्या वेळात वरपासून खालपर्यंत सगळं हेलकावे खातं. इस्त्रीच्या बायकांना मळमळतं, भिंतीवरचं घड्याळ पडून फुटलं, जिन्याची काच तडकली. आणि त्या इमारतीचा पोलादी सांगाडा गेलाय तुमच्या शेडमधून. मामंजींनी उभी केलेली आणि तुम्ही वाढवलेली शेड. तिथून निघणारा प्रत्येक सांधा तुम्ही स्वतः हात लावून तपासता. म्हणून काटकोनसाहेबांनी सरळ बोट दाखवलं, की बोल्ट ढिले आहेत, काम कच्चं आहे.

(काटकोन हे नाव लाँड्रीतल्या बायकांनी पाडलंय, मी नाही. आराखडा त्यांच्या ऑफिसचा, आणि ‘खांब आणि तुळई यांच्यातला काटकोन कधी बदलत नसतो’ हे वाक्य ते येताजाता ऐकवतात. मग दुसरं काय नाव पडणार?)

मी एवढंच म्हणाले, ‘बोल्ट घट्ट आहेत, पण सांधा वळतो.’ तो कुणाच्या चुकीने वळत नाही, त्याची घडणच तशी आहे, हे तोंडातून निघायच्या आत साहेबांनी टाळी वाजवली. ‘घ्या! घरचंच माणूस सांगतंय!’ तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, पर्स उचललीत आणि जिना उतरलात. आमच्या घरावरून गेलात ते आत न येता. दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप, आणि तुम्ही लेकीच्या गावाला.

समितीवर विमा कंपनीच्या ज्या बाई आहेत त्यांनी फेब्रुवारीअखेरची मुदत दिली आहे. तोवर वेगळं काही सिद्ध झालं नाही, तर वरचे दोन मजले उतरवायचे आणि अहवालात ‘कारखान्याचं काम सदोष’ असं लिहायचं. ते एकदा लिहिलं गेलं की तुम्हाला पुन्हा कुणी साधी शिडी करायला देणार नाही. तुम्हाला हे कळतं, म्हणूनच तुम्ही जाऊन बसलात. मी बसणार नाही. सांधा वळतो हेच मी दाखवून देणार आहे, आणि त्यातूनच तुमचं नाव सुटणार आहे.

कॉलेजात तासाची वेळ झाली. पोरं वाट बघत नसतील, पण मला जायला हवं.

तुमची (आगाऊ) भावजय


१८ जानेवारी

ताई,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तुम्ही ते घेतलंत, आणि फाडण्याआधी वाचलंत अशी माझी समजूत आहे. भाची फोनवर म्हणाली, ‘मामी, आई काही बोलत नाही, पण दोन दिवस भांडी जोरात घासतेय.’ मला फार बरं वाटलं.

आता मुद्द्याचं लिहिते. तुम्हाला शिकवायला नव्हे. तुम्ही माझ्या दहा वर्षं आधी त्याच कॉलेजातून बाहेर पडलात, आणि पहिल्यांदा तुळईवर उभं राहून खाली बघू नकोस हे मला तुम्हीच सांगितलंत. पण रागात माणूस स्वतःला माहीत असलेलंही ऐकत नाही.

मूळ आराखड्यात सांधे जागेवर वेल्डिंग करायचे होते, आठवतं? मग मालक म्हणाले, वरचे मजले चढत असताना खाली तळमजल्यावर लाँड्री चालू राहणार, वरून ठिणग्या पडल्या तर लोकांच्या चादरी जळतील. म्हणून वेल्डिंग रद्द झालं आणि बोल्टचे सांधे आले. तुळईच्या टोकाला पोलादी पाटी, पाटीला भोकं, आणि ती खांबाला आवळायची. काटकोनसाहेबांच्या ऑफिसने तपासलं की या बोल्टना भार पेलेल का. पेलेल, भरपूर पेलेल. सही झाली, शिक्का बसला, आणि तुम्ही अगदी त्या कागदाबरहुकूम काम केलंत.

फक्त एक प्रश्न कुणी विचारला नाही. भार आल्यावर ती पाटी किती वाकते? डब्याचं झाकण अंगठ्याने दाबलं की जरासं आत जातं, तसंच पाटीचंही होतं. बोल्ट कितीही आवळा, पाटी वाकते आणि काटकोन किंचित उघडतो. तुटत काही नाही, सुटत काही नाही. पण मजल्या-मजल्यावरचा प्रत्येक सांधा असा थोडा थोडा वळला की सगळी इमारत मऊ होते आणि सावकाश झुलायला लागते. साहेबांनी ताकदीचा हिशेब नव्याने केला, ताठपणाचा मात्र जुनाच ठेवला. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ते सांधे अजूनही वेल्डिंगचे आहेत.

त्यांच्या हिशेबाने इमारत मिनिटाला एकशे पंचेचाळीस हेलकावे घेते. मी सांध्याचं वळणं धरून हिशेब केला, तर एकशे दहा निघतात. आणि कपडे पसरवताना यंत्राचा ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो? तेवढेच, एकशे दहाच्या आसपास! झोपाळा परत येईल त्याच वेळी कुणी धक्का देत राहावं, असं रोज चाललंय. यंत्राची गती बदलून पाहा म्हटलं तर यंत्रवाला म्हणतो, कमी केली की कपड्यांचा गोळा होतो, वाढवली की यंत्रच उड्या मारतं. त्यानेही करून पाहिलंय बिचाऱ्याने.

हे सगळं मी तुमच्या बंधुराजांना जेवताना समजावलं. त्यांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला, टेबल हलवायला सुरुवात केली, आणि नेमका ठेका सापडल्यावर पाणी माझ्या ताटात. ‘कळलं!’ म्हणाले. मग गंभीर होऊन म्हणाले, ‘हे बघ, तुम्ही दोघी भांडा, पण मला मधला बोल्ट करू नका. मी फार आवळला गेलोय.’ त्यांची दया येत असेल तर त्यांच्यासाठी तरी दोन ओळी लिहा.

साइटवर आता मी डबा एकटीच खाते. तुमच्या वाटणीचं लोणचं उरतं. मला तुमची आठवण येते, हे सरळच लिहून टाकते.

तुमची भावजय


४ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

कुठून सुरू करू? बसा आधी. भाचीला म्हणावं, आईच्या हातातलं भांडं काढून घे.

गेल्या आठवड्यात काटकोनसाहेब कॉलेजात आले होते, थेट माझ्या खोलीत. गोड बोलत होते. म्हणाले, ‘थोडी चूक आराखड्याची, थोडी कारखान्याची, असं मोघम लिहून टाकू. तुमचंही राहील, आमचंही राहील.’ आमच्या प्राचार्यांनाही तो तोडगा पसंत होता. मला बोलावून हळूच म्हणाले, की घरचा मामला आहे, फार ताणू नका. मी साहेबांना म्हटलं, चहा संपला असेल तर दार तिकडे आहे. प्राचार्यांना काय म्हटलं ते लिहीत नाही, अजून तिथे नोकरी करायची आहे.

मग मी विम्याच्या बाईंकडे गेले. त्यांना सांगितलं, मी शेडवाल्या बाईंची भावजय आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवूच नका. बाहेरचा माणूस आणा आणि एकेक बोल्ट तपासा. बाई कमी बोलतात. ‘बरं,’ म्हणाल्या. चार दिवसांनी परगावचा माणूस आला, हातात टॉर्कचा पाना. वरच्या दोन मजल्यांवरच्या प्रत्येक सांध्याचा प्रत्येक बोल्ट. पाना लावायचा, ठरलेल्या जोराला खटका वाजायचा, आणि नट जरा तरी फिरतो का बघायचं. फिरला तर ढिला.

इस्त्रीवाल्या मावशी आपल्या सगळ्या बायकांना घेऊन खाली उभ्या. पहिल्या सांध्याला खटका वाजला, नट जागचा हलला नाही. मावशी ओरडल्या, ‘हा पण नाही!’ अजून एकच झाला होता, तरी ‘पण’. दुसऱ्यापासून सगळ्याच बायका ओरडायला लागल्या. दुपारपर्यंत तो परगावचा माणूसही पाना लावून आधी त्यांच्याकडे बघायचा आणि मग आपणच म्हणायचा, ‘हा पण नाही.’ शेवटपर्यंत एकही फिरला नाही, ताई. एकही नाही! तुमचा मिस्त्री कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता, त्याची छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं तुटतील. मी तर तिथेच रडले. लोक म्हणाले धूळ गेली असेल. मी म्हटलं, नाही हो, रडतेय.

साहेब एवढ्यावर थांबतात थोडेच! म्हणाले, मग खांब बारीक पडले असतील. मी म्हटलं, त्याचाही निकाल लावू. रविवारी यंत्रं बंद ठेवली. मी खडू घेतला आणि तळमजल्याच्या खांबावर सगळ्यांदेखत दोन आकडे लिहिले, साहेबांचा एकशे पंचेचाळीस आणि माझा एकशे दहा. वरच्या मजल्याला पोलादी दोर बांधला, दुसरं टोक रस्त्याच्या टोकाला उभ्या केलेल्या ट्रकला. दोराच्या मधोमध सुती दोरखंडाचा एक तुकडा. ट्रक हळूहळू पुढे गेला, दोर ताणला, इमारत बोटभरसुद्धा नाही, जेमतेम केसभर कलली. मग तुमच्या मिस्त्रीने कुऱ्हाडीच्या एका घावात दोरखंड तोडला.

आवाज केवढा झाला! कबुतरं उडाली. आणि इमारत आपल्या मनाने झुलायला लागली, कुणी ढकलत नव्हतं, कुणी धरत नव्हतं. वर ठेवलेल्या, हेलकावे टिपणाऱ्या यंत्राने कागदावर नागमोडी रेघ काढली. तो कागद माझ्या हातात देऊ नका म्हणून मीच सांगितलं होतं. विम्याच्या बाईंनी चष्मा पुसला, पट्टी घेतली, स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, ‘एकशे अकरा.’

मी रस्त्यात उडी मारली. या वयात. पायाला मुंग्या आल्या, पण मारली.

साहेबांनी पट्टी मागून घेतली आणि रेघ स्वतः मोजली. नंतर गाडीत जाऊन बसले.

तेव्हा बोल्ट घट्ट आहेत हे ठरलं आणि सांधा वळतो हेही ठरलं. पण अजून लढाई बाकी आहे. बाईंचं म्हणणं असं की कारण कळलं म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही. इमारतीचा झुला महिनाअखेरपर्यंत थांबला नाही, तर मजले उतरवायचेच, आणि झुलणारा सांगाडा ज्या शेडमधून आला तिचं नाव अहवालात राहायचंच. कारण वाचणारा पुढचं वाचत नाही, नाव तेवढं वाचतो. हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. वाईट वाटून सांगितलं.

उपाय माझ्याकडे आहे. तुळईच्या खाली, खांबाला टेकून, प्रत्येक सांध्याला एकेक तिकोनी ब्रॅकेट. सांधा ताठ होईल, हेलकावे वाढतील, यंत्राच्या गतीपासून इमारत दूर जाईल. पण ते करणार कोण? त्या तुळयांचे साचे, भोकांच्या पट्ट्या, सगळं तुमच्या शेडमध्ये कुलूपबंद. दुसऱ्या कारखान्यात मापं घेण्यातच महिना जाईल. मिस्त्रीला गळ घातली. तो म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही सांगताय ते शंभर टक्के खरं असेल. पण बाईंनी कुलूप घातलंय, बाईंच्या शब्दावाचून मी ते उघडणार नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर उघडलं असतंत का?’ नसतं उघडलं.

ब्रॅकेटचं चित्र सोबत जोडलं आहे. मला कळतं, की याला हो म्हणणं म्हणजे तुमच्या हाताखालून गेलेला सांधा वळतो हे सगळ्यांसमोर मान्य करणं. तुमच्यासाठी ते सोपं नाही. तरी हो म्हणा.

तुमची भावजय


१३ फेब्रुवारी

वन्सं,

होय, वन्सं! आज तुम्ही ताई नाही.

नऊ दिवस झाले. तुमचा ना फोन, ना चिठ्ठी, ना भावाकरवी निरोप. तुमचे बंधुराज तुमच्याशी काल बोलले, तर तुम्ही त्यांना विचारलंत की घरातला नळ दुरुस्त झाला का. नळ! इथे बायका घराघरांतून मला विचारताहेत की वरचे मजले गेले तर आमच्या कामाचं काय, आणि तुम्हाला नळाची काळजी.

लोकांनी तुमच्यावर बोट दाखवलं तेव्हा तुम्हाला लागलं, ते मला समजतं. पण आता कुणी दाखवत नाही. आता तुमचं नाव तुमच्याच गप्प बसण्याने जाणार असेल, तर मला ते सहन होणार नाही, आणि मी तुम्हाला ते आयुष्यभर ऐकवीन. प्रत्येक जेवणाला ऐकवीन. तुम्ही मला ओळखता.

नळ दुरुस्त झालाय.


१६ फेब्रुवारी

मागचं पत्र पेटीत टाकलं तेव्हा रागात सहीच राहिली. ते मिळालं असेल तर चुलीत घाला. किंवा ठेवा, पण त्याच्यावर हे ठेवा.

आज सकाळी कॉलेजला जाताना तुमच्या गल्लीतून गेले. कारण काही नाही, अशीच रोज जाते. कोपऱ्यावरच आवाज आला, ग्राइंडरचा. मी धावले. शेडचं दार सताड उघडं, आत ठिणग्या, आणि मिस्त्री ओरडून सांगतोय की पाटी सरळ धर. मला पाहून हसला. भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला.

ते माझं चित्र नव्हतं. तुमचं होतं.

ब्रॅकेट माझंच, पण अधिक लांब आणि अधिक बुटकं. आणि खांबाच्या आत, ब्रॅकेटच्या बरोबर मागे, आडव्या पट्ट्या. मी अर्धा मिनिट बघत राहिले आणि मग कपाळावर हात मारला. तुळईला खालून टेकू दिला खरा, पण खांबाचा पत्राच आत दबत असेल तर टेकू टेकणार कशाला? मी पाटीकडे बघत बसले, तुम्ही खांबाकडे पाहिलंत. हे घरी बसून सुचलं तुम्हाला? का भांडी घासताना?

मी तिथेच, तेलकट बाकावर बसून हिशेब केला. माझ्या चित्राने इमारत एकशे सव्वीसवर गेली असती. ते काठावरचंच होतं, मला रात्रभर झोप लागली नसती. तुमच्या चित्राने जाते एकशे अडतीसवर. मला हेवा वाटला. मग फार आनंद झाला. मग पुन्हा थोडा हेवा.

कागदावर माझ्यासाठी काही लिहिलंय का म्हणून उलटून पाहिला. खाली एकच ओळ होती: ‘कपडे टांगायचा दांडा आडवा येईल, कोपरा कापा.’ ती मिस्त्रीसाठी. असू दे. चित्र मात्र माझ्यासाठी होतं, असं मी धरून चालते.

तुमची भावजय


१ मार्च

ताई,

काल तुम्ही आलात काय, बोललात काय आणि गाडी चुकेल म्हणून पळालात काय! मला दोन शब्द बोलायलाही सवड मिळाली नाही. आता तुम्ही पाहिलंत ते आणि तुम्ही गेल्यावर घडलं ते, दोन्ही लिहिते. पाहिलेलंही लिहिणार, कारण तुम्ही खांबामागे उभ्या होतात आणि मी कुठे उभी होते ते तुम्हाला ठाऊक नाही.

मी मधोमध उभी होते. आकड्यांवर माझा विश्वास होता. तरी हातातल्या कागदावर ते पुन्हा एकदा तपासून घेतले. समोर काटकोनसाहेब, शेजारी मालक, खुर्चीवर विम्याच्या बाई. मागे इस्त्रीच्या सगळ्या बायका. यंत्रवाल्याने मुद्दाम प्रत्येक ड्रममध्ये ओल्या चादरींचा एकाच बाजूला गोळा घातला. होईल तेवढं वाईट करून बघा, असं मीच सांगितलं होतं. सगळी यंत्रं एकदम सुरू केली.

ड्रम गती घ्यायला लागले. पन्नास, सत्तर, नव्वद. या ठिकाणी आजवर जिन्याचा कठडा खडखडायला लागायचा. बायकांनी सवयीने एकमेकींचे दंड धरले. शंभर. एकशे दहा. यंत्रवाला म्हणाला, ‘पसरवणी सुरू.’ मावशींनी खिडकीच्या कट्ट्यावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला होता. कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठली, पण एक थेंब बाहेर आला नाही. पसरवणी चालूच होती आणि आम्ही नुसते उभे होतो, जमिनीवर उभं राहावं तसे. मग गती चढली. मध्ये एक शहारा येऊन गेला, तो येणारच होता, आणि यंत्रं जोरात पिळायला लागली. इमारत जागच्या जागी.

पहिल्यांदा मावशी ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. मग जो गिल्ला झाला तो तुम्ही ऐकलातच, बायकांनी ओल्या चादरी हवेत फेकल्या, मालकांच्या डोक्यावर एक पडली. ते चादरीखालूनच हसत होते.

विम्याच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. पेन काढून त्यांनी मला विचारलं, ‘अहवालात लिहायचं आहे. सांधा अजून वळतो का?’ काटकोनसाहेबही माझ्याकडे बघायला लागले. आणि ताई, मला बोलवेना. नाही म्हटलं तर खोटं. हो म्हटलं तर पुन्हा तोच दिवस, तेच वाक्य, आणि तुम्ही त्या वाक्यावर एकदा उठून गेला होतात. मला वाटलं तुम्ही तिथे नाही. तरीही बोलवेना.

तेव्हा मागून आवाज आला. ‘वळतो. वळणारच. पोलाद आहे ते, दगड नव्हे.’ मी वळून पाहायच्या आत तुमचा हात माझ्या खांद्यावर पडला. ‘पण आता किती वळायचं ते हिने आणि मी मिळून ठरवलंय. लिहा तसं.’

बाईंनी तसंच लिहिलं. शब्द जरा कागदी केले, पण अर्थ तोच. मग पेन थांबवून विचारलं, ‘ही म्हणजे कोण म्हणून लिहू?’ तुम्ही म्हणालात, ‘माझी भावजय. हिशेब तिचा आहे, तिचं नाव आधी लिहा.’ आणि घड्याळ बघून निघालातच.

आता पुढचं. अहवालावर संध्याकाळी सह्या झाल्या. कारखान्याच्या कामात दोष नाही. सांध्यांचा लवचिकपणा आराखड्याच्या हिशेबात धरला गेला नव्हता. उपाय केल्यावर इमारत सुरक्षित. मजले उतरवण्याचं कारण नाही. काटकोनसाहेबांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, ‘तुमचा हिशेब मला शिकायचाय. कधी येऊ?’ माणूस वाईट नाही हो. मी मंगळवार दिला आहे, तुम्हीही असा. आणि मिस्त्री सांगत होता की सोमवारपासून तुम्ही स्वतः शेडवर येताय, असा तुमचा फोन आलाय. मला नाही केलात, त्याला केलात. चालेल, मला काही राग नाही. थोडा आहे.

सगळे पांगल्यावर मावशी जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, शर्टाचं काय करून घेतलंत हे?’ मी मान वळवून पाहिलं. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तुमच्या हाताची पाचही बोटं उमटलेली, काळ्या तेलाची. खांबाला हात लावून उभ्या होतात ना. मावशी म्हणाल्या, ‘काढून द्या, एका पाण्यात पांढरा करून देते. तुमच्याकडून काही घ्यायची नाही.’

अख्ख्या गावातली सगळ्यात मोठी लाँड्री, सगळी यंत्रं चालू, आणि मावशींचा हात पुढे.

मी दिला नाही. तो शर्ट घालूनच भर रस्त्यातून चालत घरी आले.

तुमची भावजय